पंखा थांबला की

एल आल्तोत, चार हजार मीटरवर,
पाणी लवकर उकळतं आणि बटाटा उशिरा शिजतो.
माझ्या लॅपटॉपचंही तसलंच उलटं गणित:
खिडकीच्या काचेवर आतून बर्फ धरलेला,
मी दोन स्वेटर चढवून बसलेली,
आणि याच्या पोटाला हात लावावा तर चटका.

थंडी आहे, पण हवा कुठाय, असं दुकानातला लिंबर्ट म्हणाला.
पंखा फिरतो, फिरतो,
ओंजळीत त्याच्या काही येतच नाही.

मी इमारतींचे दर्शनी भाग काढते,
गावातल्या नव्या श्रीमंतांच्या:
खाली दुकानं, मधे लग्नाचा हॉल, माथ्यावर मालकाचं घर,
नारिंगी, पोपटी, जागोजागी आरशांचे डोळे.
एक चित्र पुरं व्हायला एक रात्र लागते,
आणि रात्रभर हा किंचाळतो.
काय काय नाही ठेवलं मी त्याच्याखाली!
अंड्यांचा ट्रे, बाटल्यांची झाकणं, उरलेली एक फरशी.
एकदा तर बाहेर कठड्यावर ठेवून
म्हातारं कुत्रं फिरवायला न्यावं तशी
त्याच्या शेजारी कुडकुडत उभी राहिले.

पडद्यापलीकडे बाप झोपतो.
कासिमीरो पोमा. एकोणीस वर्षं कथिलाच्या खाणीत,
त्यातली अकरा पंख्यावर.
ड्रिलवर नाही, पंख्यावर, हे तो अजून बजावून सांगतो,
जणू त्यामुळे छाती वाचली.
एका संध्याकाळी त्यानं कीबोर्डला कान लावला,
सुईण लावते तसा,
आणि म्हणाला, "ओरडत नाहीये गं हा. काहीतरी चघळतोय."

उघडला. दहा स्क्रू निघाले,
अकरावा कुठे गेला देव जाणे.
आत पात्यांच्या मागे, जाळीला धरून,
चांगला जाड नमदा:
डेलियाच्या विणायच्या यंत्रातली अल्पाकाची लोकर,
मऊ, राखाडी, त्यात एकच धागा लाल,
आणि गिलावा न झालेल्या सगळ्या शहराची विटकरी माती.
बापानं तो तळहातावर घेतला,
उलटा करून बघितला, सुलटा करून बघितला,
बराच वेळ परत दिला नाही.
"डॉक्टरनं फोटोत दाखवलं होतं," म्हणाला, "हे असंच."
मग त्याला खोकला आला,
आणि खोकला थांबेपर्यंत विषय निघून गेला.

सुकलेला लेप खरवडला, नवा लावला, मटाराएवढा.
तेलाचा थेंब बापानं स्वतः सोडला. एकच.
चालू केला.
दोघांनी वाकून ऐकलं. काही नाही.
फिरत होता, पण काही नाही.
बाप असा हसला की मला त्याचे मागचे दात दिसले,
कितीतरी दिवसांनी.

त्या रात्री खोलीत दुसरा आवाजच उरला नाही,
तेव्हा त्याचा श्वास ऐकू आला:
आत जाताना शिट्टी, बाहेर येताना खरखर,
आणि मधे एवढी फट
की मी माऊसवर बोट तसंच ठेवून
पुढच्याची वाट बघायचे.

सव्वातीनला तो ताडकन उठला.
अंधारात बूट चाचपत होता.
"पंखा बंद पडलाय. ऊठ. सगळ्यांना उठव."
खाणीत पंखा थांबला की विचारायचं नसतं, पळायचं असतं,
हे मला लहानपणापासून ठाऊक होतं,
पण गोष्टीतलं ठाऊक असावं तसं.
त्याचे पाय परत घोंगडीत घेतले.
एका पायात बूट तसाच राहू दिला.

आता काम नसलं तरी
झोपताना मी एक इमारत लावून ठेवते,
सगळ्यात अवघड, नुसत्या आरशांची,
जिचा मालक अजून कोणी नाही.
लॅपटॉप तापत जातो, पंखा सूर चढवतो,
पडद्यापलीकडे बूट जागच्या जागी.

लिंबर्ट म्हणतो, रोज असा तापवलास
तर हा वर्ष काढायचा नाही.
गुरुवारच्या बाजारातून एक जुना पंखा आणून ठेवलाय.
मापाचा आहे की नाही, बघितलं नाही अजून.